सहावी काचपट्टी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाच्या कमानीतून एक घडीव दगड सुटला आणि खाली स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याच्या डोक्यात पडला. माणूस जागच्या जागी गेला. बावीस वर्षं त्याच दारात बसून त्यानं लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या सांभाळल्या होत्या. दहा वाजता समितीचे लोक आले आणि साडेदहाच्या आत त्यांनी गुन्हेगार शोधूनही काढला. याच समितीला गळकं छप्पर दुरुस्त करायचं की नाही हे ठरवायला चार वर्षं लागली होती.

गुन्हेगार म्हणजे गवंडी. मागच्या वर्षी त्यानंच त्या कमानीचे दगड पुन्हा बसवले होते आणि कमानीच्या पायापासून छतापर्यंत गेलेली जुनी भेग चुन्यानं भरली होती. दगड पडला, म्हणजे त्यानं नीट बसवला नव्हता. संपलं. पोलिसांना फक्त एखाद्या जाणत्या माणसाचा अहवाल हवा होता, आणि तो गुरुवारपर्यंत हवा होता.

जाणतं माणूस म्हणून त्यांना मी आठवले. मी तीस वर्षं सरकारी नोकरीत जुन्या इमारतींच्या भेगा बघितल्या. निवृत्त झाले तेव्हा एक शाल मिळाली आणि माझं नाव चुकवलेलं मानपत्र मिळालं. तेव्हापासून कुणी विचारलं नव्हतं.

"तो गवंडी माझा दीर आहे," मी अध्यक्षांना फोनवर सांगितलं.

"अरे वा! मग तर घरचीच माणसं."

"अकरा वर्षं आमचं बोलणं नाही."

"मग तर फारच उत्तम," अध्यक्ष म्हणाले. या गृहस्थांना दोन्ही बाजूंनी उत्तमच दिसतं, म्हणून ते अध्यक्ष आहेत.

वाचनालय म्हणजे पूर्वीची वखार. हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, मधे दोन दालनांना जोडणारी दगडी कमान, तेच आतलं दार. मंगळवारी मी पोचले तेव्हा कमानीखाली दोरी बांधली होती आणि फरशी धुऊन काढली होती. भेग भरलेल्या रेघेवर खालपासून वरपर्यंत पाच काचपट्ट्या आडव्या लावलेल्या होत्या. बोटभर रुंद, वीतभर लांब काच, तिची दोन टोकं भेगेच्या दोन अंगांना चुन्यासारख्या पांढऱ्या गोळ्यानं चिकटवलेली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. याहून साधं आणि प्रामाणिक यंत्र मी पाहिलेलं नाही. तिला पगारवाढ नको असते.

पाचही पट्ट्या शाबूत होत्या. प्रत्येकीवर खिळ्यानं कोरलेली मागच्या वर्षीची तारीख होती.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. "भिंत हललेलीच नाही. म्हणजे दोष दगड बसवणाऱ्याचा. दोन ओळी लिहून द्या, की झालं."

मी सगळ्यात खालच्या पट्टीजवळ वाकले. तिच्यात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं. खिडकीचे गज त्यात ताठ उभे दिसत होते, पट्टीनं आखल्यासारखे सरळ. मला ते बरोबर वाटलं नाही. का बरोबर वाटलं नाही, ते मात्र लगेच ध्यानात आलं नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गज सरळच होते.

"दोन ओळींत भागणार नाही," मी म्हणाले.

२

दिराच्या घराची पायरी मी अकरा वर्षांनी चढले. भांडण कशावरून झालं ते ऐकलं तर लोक हसतील. त्यानं एका जुन्या भिंतीला सिमेंट लावलं होतं. घाई होती, मालक डोक्यावर बसला होता, चुना मुरायला वेळ नव्हता. माझे यजमानही गवंडी, त्याचे सख्खे थोरले भाऊ. जुन्या भिंतीला श्वास लागतो आणि सिमेंट तिचं नाक दाबतं, हे त्यांनी त्याला लहानपणापासून घोकवलेलं. त्यांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं आणि न बोलताच वारले. त्यांच्यामागे मी ते व्रत चालवलं. अबोला धरण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

सुनेनं दार उघडलं, मला बघून गोंधळली, आणि काही सुचेना म्हणून चहा ठेवायला पळाली. भाऊजी खाटेवर बसले होते. सहासष्ट वर्षांचा माणूस दोन दिवसांत ऐंशीचा दिसायला लागला होता.

"या वहिनी."

"बसते. भाऊजी, सरळ विचारते. दगड कसा बसवला होता?"

"जसा दादानं शिकवला तसा. चुन्यात, दोन्ही अंगांनी दाबून. वहिनी, कमानीचे पाय जागेवर असतील तर तो दगड हत्तीनं ओढला तरी निघणार नाही."

"आणि पाय फाकले तर?"

"तर मधला दगड आपसूक सुटतो. पण पाय फाकले असते तर काचा फुटल्या असत्या." ते हातांकडे बघत बोलत होते. "काचा शाबूत आहेत म्हणे."

"कुठून आणल्या होत्या काचा? बाजारातून?"

"छे. तिथल्याच जुन्या तावदानांच्या. फुटकी तावदानं कोपऱ्यात पडली होती, त्यातनं कापल्या. बाजारची काच जाड असते आणि..."

"आणि जुन्या काचेत सगळं वाकडं दिसतं," मी म्हणाले.

ध्यानात आलं ते तेव्हा. जुनी काच फुंकून केलेली असते, तिच्या अंगात लाटा असतात. तिच्यात बघितलं तर गज पाण्यातल्यासारखे हलताना दिसतात.

"भाऊजी, भिंतीवर आत्ता ज्या पट्ट्या आहेत त्यांत गज सरळ दिसतात. त्या तुमच्या नाहीत. कुणीतरी बदलल्यात."

मला वाटलं होतं, माणूस उडी मारेल. निर्दोष माणसाला आणखी काय हवं असतं? पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली आणि खालच्या आवाजात विचारलं, "पाचही?"

"पाचही."

चहा आला, गार झाला. मी उठले तेव्हाही ते फरशीकडेच बघत होते.

३

बुधवारी सकाळी मी वाचनालयात तिघांना एकेक करून भेटले.

पहिला वास्तुविशारद. चार महिन्यांपूर्वी समितीनं हा हिरा आणला. उकाड्यातही गळ्यात मफलर घालतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात मफलर म्हणायला लागले. इमारतीत काचेची लिफ्ट बसवायची ही त्याची कल्पना. दालनात टेबलावर तिची प्रतिकृती ठेवली होती, पांढरीशुभ्र इमारत आणि तिच्या पोटात काचेची डबी.

"मी स्वतः बनवलीय," तो म्हणाला. "हातानं काम केल्याशिवाय मला वास्तू समजत नाही."

"लिफ्ट नेमकी कमानीसमोर का?"

"कारण जुनं आणि नवं यांचा संवाद व्हायला हवा. कमानीतून पाहिलं की लिफ्ट चौकटीत बसली पाहिजे."

एका माणसाचा जीव गेला त्या जागेपासून दहा पावलांवर उभा राहून तो मला चौकट समजावत होता.

"आणि गवंड्याबद्दल तुमचं मत?"

"माणूस वाईट नाही हो. पण अडाणी पद्धती! काचेच्या कोपऱ्यात थापीचं चित्र कोरतात हे लोक. म्हणजे श्रद्धा ठीक आहे, पण यांच्या भरवशावर तुम्ही अडीचशे टनांची भिंत सोडता?"

मी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मफलर खूश झाला. आपलं बोलणं कुणी लिहून घेतलं की अशा माणसांचा ऊर भरून येतो.

दुसरा अभियंता. गुबगुबीत, घामेजलेला. तो दर दोन वाक्यांनी हात झटकत होता.

"लिफ्टचा खड्डा भिंतीपासून आठ फुटांवर आहे. आराखडा बघा."

मी आराखडा बघितला. मग टेप घेऊन खड्ड्यापाशी गेले आणि त्यालाच दुसरं टोक धरायला लावलं. तीन फूट एक इंच भरलं.

"साइटवर थोडे बदल होतात," तो म्हणाला. "साहेबांना चौकटीत हवी होती. पण मी लेखी दिलंय! काचा शाबूत आहेत तोवरच खोदायचं. एक जरी तडकली तरी काम बंद. आणि एकही तडकली नाही."

"तुम्ही स्वतः जाऊन बघायचात?"

"कामावरचा माणूस खालून ओरडून सांगायचा ना."

याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि त्याची पदवी मिळते हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या व्यवस्थापिकाबाई. टापटीप साडी, टापटीप टेबल, रडून लाल झालेले डोळे. तिघांत रडलेलं माणूस हे एकच होतं, म्हणून मी जरा मऊ आवाजात बोलले. त्यांनी सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी मफलरनं दालनाला रंगाचा हात द्यायला लावला, कारण लिफ्ट बघायला देणगीदार येणार होते. त्यानंतरच्या रविवारी वाचनालय बंद असताना तो एकटाच दुपारभर 'प्रकाशाचा अभ्यास' करत होता. किल्ली पहारेकऱ्याकडे होती.

"एक सांगू का?" बाई म्हणाल्या. "तुमचे नातेवाईक आहेत म्हणून जीभ रेटत नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी गवंडी महिन्याची फेरी मारायला आले होते. जाताना त्यांनी पहारेकऱ्याचं स्टूल उचललं आणि कमानीखालून काढून खिडकीपाशी ठेवलं. इथं बस म्हणाले. तो बिचारा बसला. सोमवारी देणगीदार येणार म्हणून मीच स्टूल परत कमानीखाली ठेवायला लावलं. दारात माणूस दिसायला नको का?"

त्यांना पुन्हा रडू कोसळलं. मी पेन खाली ठेवलं. कमान धोक्याची आहे हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस खालचं स्टूल कशाला हलवेल?

४

कामाचा माणूस संशयात पडला की हातानं काम करावं, हे मला तीस वर्षांनी शिकवलंय. मी पुस्तकांची शिडी मागवली, पदर खोचला आणि वर चढले. अभियंता खालून "अहो, सांभाळून" म्हणत राहिला. शिडी धरावी हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

माझ्या पिशवीत व्हिनेगरची छोटी बाटली असते. जुना चुना असेल तर त्यावर एक थेंब पडताच बारीक फेस येतो. मी वरच्या पट्टीच्या गोळ्यावर थेंब सोडला. फेस नाही. पाचही पट्ट्यांच्या दहा गोळ्यांवर सोडला, एकही फसफसला नाही. तो चुना नव्हता. प्रतिकृती बनवायला वापरतात तसलं, पाच मिनिटांत आवळणारं पांढरं प्लास्टर होतं.

मग मी पातळ सुरीनं एक गोळा अलगद उचकटला. खाली नवा रंग होता, गुळगुळीत, अखंड. वर्षापूर्वी लावलेल्या गोळ्याखाली तीन आठवड्यांपूर्वीचा रंग कसा गेला, हे समजावून सांगायला विद्वान लागत नाही. आधी रंग लागला, मग पट्ट्या लागल्या. आणि रंगाखाली, सुरीच्या टोकानं खरवडल्यावर, भेग पुन्हा उघडलेली दिसली.

भिंत हलली होती. दगड भाऊजींच्या चुकीनं पडला नव्हता. तरी माझ्या मनातून ते स्टूल जाईना.

तेव्हा मला यजमानांची सवय आठवली. ते प्रत्येक भिंतीवर एक पट्टी जास्तीची लावायचे, कुणाला न सांगता, कुणाला दिसणार नाही अशा जागी. "पाच साहेबांच्या, एक घराची," असं म्हणायचे. साहेबाच्या पट्टीला कुणाचाही हात लागतो, घरच्या पट्टीला लागत नाही. भाऊजी काम त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

मी भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, पुस्तकं शिवायच्या खोलीत गेले. तिथं भिंतीला टेकून एक कपाट होतं. दोघांना हाताशी घेऊन ते पुढे ओढलं. मागे रंगाचा ब्रश पोचलेला नव्हता. गुडघ्याच्या उंचीवर, त्याच भेगेवर, धुळीनं माखलेली सहावी काचपट्टी होती. तिच्यात खिडकीचे गज वाकडेतिकडे दिसत होते.

ती बरोबर मधोमध तडकलेली होती. फटीत माझ्या ओळखपत्राची कड सहज गेली. आणि आजूबाजूच्या धुळीत बोटांचे ठसे होते, कुणीतरी अलीकडेच हात लावून बघितलेलं.

मी तिथूनच भाऊजींना फोन लावला.

"सहावी तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी बघितलीत," मी म्हणाले.

"हो."

"आणि तोंडात मूग गिळून बसलात."

"पाच शाबूत होत्या, वहिनी. खालून बघितल्या, शाबूत दिसल्या. मला वाटलं, कपाट सरकवताना कुणाचा धक्का लागला असेल. पाच खरं सांगतायत, एक खोटं. आणि सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, गवंड्याचं काम फसलं."

"आपल्या हातच्या पट्टीवर तुमचा विश्वास नाही?"

"तसं नाही. जिवाला चैन पडेना म्हणून तर त्याचं स्टूल हलवलं."

मला इतका राग आला की फोन ठेवावासा वाटला. पण तो मार्ग आम्ही अकरा वर्षं वापरून बघितला होता.

"उद्या अकराला समितीपुढे या," मी म्हणाले. "आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून या."

५

गुरुवारी सगळे दालनात जमले. अध्यक्ष, त्यांच्या मागे मान डोलावणारे चार सदस्य, मफलर, अभियंता, व्यवस्थापिकाबाई, एक पोलीस अधिकारी, आणि कोपऱ्यात स्वच्छ सदऱ्यातले भाऊजी. त्यांच्याशेजारची खुर्ची कुणीतरी मुद्दाम रिकामी ठेवली होती.

मी काच, प्लास्टर आणि रंग, तिन्ही गोष्टी सांगितल्या. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. गोळ्याखालचा रंग दाखवला तेव्हा मात्र त्यांनी घड्याळावर बाही ओढली.

"म्हणजे पट्ट्या कुणीतरी बदलल्या," पोलीस अधिकारी म्हणाला. "कुणी?"

"ज्याला काम बंद पडू द्यायचं नव्हतं त्यानं. अभियंत्याला काम बंद पडलं असतं तरी चाललं असतं, त्याचं लेखी तयार होतं. शिवाय वरची पट्टी बारा फुटांवर आहे आणि हा माणूस शिडी नुसती बघितली तरी घामेजतो. बाई तर वरच्या फळीवरचं पुस्तकही दुसऱ्याकडून काढवून घेतात." मी मफलरकडे वळले. "तुम्ही काल मला काचेच्या कोपऱ्यातल्या चित्राबद्दल सांगत होतात. पुन्हा सांगता?"

"थापीचं चित्र," तो कंटाळून म्हणाला. "अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगितलं होतं."

"भिंतीवरच्या पट्ट्यांवर दाखवा बरं."

तो उठला, गेला, त्यानं बघितलं. नव्या पट्ट्यांवर तारखा होत्या, चित्र कुठंच नव्हतं. "मग जुन्यांवर असेल," तो म्हणाला आणि तिथंच थांबला.

मी पिशवीतून गोळ्यांसकट उचकटून आणलेली सहावी पट्टी काढली. सगळ्यांसमोर तिच्या टोकावरचा चुन्याचा गोळा सुरीनं फोडला. गोळ्याखाली काचेच्या कोपऱ्यात नखाएवढी थापी कोरलेली होती.

"ही खूण आमच्या घरची. घरी बसून कोरायची, आणि काच लावली की गोळ्याखाली गाडली जाते. लावलेल्या काचेवर ती दिसूच शकत नाही. बघायची तर काच भिंतीवरून उपटून चुना फोडावा लागतो. तुम्ही इथं आलात तेव्हा पट्ट्या लावून आठ महिने झाले होते."

"कुणीतरी मला सांगितलं असेल."

"कोण? ही खूण तीन माणसांना ठाऊक. त्यातले एक वारले. उरलेले दोघं, मी आणि हे, अकरा वर्षं एकमेकांशी बोललो नाही. तुमच्याशी कधी बोलणार?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी प्रतिकृतीच्या चौथऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. काही झालं नाही. मग फोडलेल्या गोळ्यावर टाकला, तो फसफसला. लिफ्टच्या डबीची काच आणि भिंतीवरची काच शेजारी धरली. जाडी एकच होती.

मफलरनं मफलर सैल केला. "मी कुणाला मारलेलं नाही. रंगासाठी पट्ट्या काढल्या तेव्हा तीन तडकलेल्या दिसल्या. तीनच नव्या लावल्या असत्या तर शेजारी उठून दिसल्या असत्या, म्हणून पाचही बदलल्या. दोन आठवड्यांचा प्रश्न होता. देणगीदार येऊन गेले की भिंतीकडे बघणारच होतो."

"बारा फुटांवर एकट्यानं चढलात?"

तो खाली बघायला लागला. "शिडी त्या म्हाताऱ्यानं धरली होती."

व्यवस्थापिकाबाईंनी तोंडावर हात दाबला. अध्यक्ष मात्र उजळले. खापर फोडायला नवं डोकं मिळालं होतं, आणि ते समितीचं नव्हतं. हाच इसम लिफ्टसाठी चार महिने टाळ्या वाजवत होता.

"तर मग गवंडीबुवा पूर्ण निर्दोष!" ते म्हणाले. "मला पहिल्यापासून खात्रीच होती."

पोलीस अधिकारी पट्टी हातात घेऊन बघत होता. "ही सहावी कधी तडकली? कुणी बघितली नव्हती का?"

मी अहवाल हातात धरून उभी होते. भाऊजींबद्दलचं पान त्यात होतं. लिहिताना तीनदा खोडलं होतं आणि चौथ्यांदा लिहिलं होतं. मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातली खुर्ची सरकली.

"मी बघितली होती," भाऊजी म्हणाले. "पंधरा दिवस आधी."

६

मफलरला घेऊन गेले. खड्डा बुजवायला लागले, कमानीला लाकडी टेकू दिले. अभियंत्यावर चौकशी बसली आणि त्यानं लगेच आजारपणाचा दाखला आणला. भाऊजींचा जबाब नोंदवून त्यांना घरी सोडलं. कायद्याच्या दृष्टीनं त्यांची चूक फारशी मोठी नाही, असं तो अधिकारी म्हणाला. कायद्याची दृष्टी किती अधू असू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर पायरीवर भाऊजी म्हणाले, "दादा असता तर पुन्हा बोलला नसता माझ्याशी."

"नसतेच बोलले. आणि नंतर सहावीही लपवूनच लावली असती. चला, मला घर दाखवा त्याचं."

पहारेकऱ्याचं घर दोन गल्ल्या सोडून, जिन्याखालच्या एका खोलीत होतं. त्याच्या बायकोनं आम्हाला आत बसवलं. खुंटीवर त्याचा गणवेशाचा कोट टांगलेला होता, बटणं नुकतीच शिवल्यासारखी. भाऊजी बसले नाहीत. उभ्यानंच, एकदाही न अडखळता, त्यांनी सगळं सांगितलं. सहावी पट्टी, तिची तडक, कपाटामागचा अंधार, आपलं गप्प राहणं.

ती ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणून तुम्ही त्यांचं स्टूल हलवलंत?"

"हो."

"मला सांगितलं होतं त्यांनी. गवंडीबुवांनी आज मला खिडकीपाशी बसवलं म्हणाले. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, बुवा काही बोलले नाहीत. दारात वारा लागतो म्हणून असेल, माझा खोकला त्यांनी ऐकला असेल. दोन दिवस कौतुक चाललं होतं तुमचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग सोमवारी बाईंनी परत तिथं बसायला सांगितलं, आणि बसले. खोकला बरा झालाय आता, असं मला निघताना म्हणाले होते."

भाऊजींचा हात भिंत शोधायला लागला. मी तो धरला. गेल्या चार दिवसांत मी सगळ्यांना नावं ठेवली होती, अध्यक्षांना, अभियंत्याला, त्या मफलरला. आता माझ्या तोंडात एकही नाव येईना. घरची पट्टी घरातच ठेवायची, हे आम्हीच या माणसाला शिकवलं होतं.

"का ते सांगायचं होतं ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ते ऐकणारे होते."

भाऊजींनी मान खाली घातली. मी मात्र बोलले. पट्टी लपवायची रीत कुणाची, ती कुणी शिकवली, अकरा वर्षं कोण कुणाशी का बोललं नाही, सगळं तिला पहिल्यापासून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, आणि मग उठून खुंटीवरचा कोट काढला आणि घडी घालायला बसली.